उंची ४ फूट १० इंच, अंबाडा, आणि गाडीची सीट काही केल्या जमत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

वय ५७, उंची ४ फूट १० इंच, राहणार कऱ्हाड. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दारात नुसती धूळ खात पडली, तेव्हा हिय्या करून क्लास लावला आणि लायसन काढलं. आता बाजार, बँक, सासूबाईंचा दवाखाना सगळं माझ्याकडे. गाडी छोटीच, २०२० ची, सेकंडहँड घेतलेली. शनिवार-रविवार थोरला पुण्याहून येतो, तो ५ फूट ११. तो गाडी फिरवून आणतो आणि सोमवारी मी बसले की पाय क्लचपर्यंत पोचत नाही. मग मी सीट ओढत ओढत इतकी पुढे घेते की स्टेअरिंग पोटाला लागायचं बाकी राहतं. क्लासच्या मास्तरांनी एवढंच सांगितलं होतं, "ताई, आरामात बसा." आता या वयात कशात आराम वाटतो ते काय सांगायचं!

पट्टा गळ्याला कापतो. एप्रिलमध्ये घामाने चट्टा उठला, तेव्हापासून मी तो काखेखालून घेते. हेडरेस्ट अंबाड्याला लागतं आणि मान पुढे ढकलली जाते, म्हणून ते काढून डिकीत टाकलंय. आमच्या घरापुढे उतार आहे, तिथे गाडी लावली की पट्टा अर्ध्यात अडकतो, बाहेरच येत नाही. बिघडलाय का? शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी टुंग टुंग करत बसते, त्यावर भाच्याने एक क्लिप आणून दिलीय, ती खोचली की आवाज बंद म्हणे. आणि मागे बसणाऱ्या आमच्या सासूबाई (वय ८४, नऊवारी) पट्टा म्हटलं की, "मला काय पळून जायचंय? बांधून कशाला ठेवता?"

कुठून सुरुवात करू?

एक_फेरी_जास्त

ताई, आधी डिकी उघडा, हेडरेस्ट काढा आणि सीटला लावा. मग पुढचं वाचा.

एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. आता सांगलीत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या बाजूला बसतो, पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो. रोज चार-पाच नवीन माणसं बसवतो, त्यात तुमच्या उंचीच्या बायका निम्म्या. म्हणून अधिकाराने सांगतो.

तुम्ही पट्ट्यापासून सुरुवात केलीत. उलटं करा. आधी पाय, मग पाठ, मग हात, मग डोकं आणि शेवटी पट्टा. पट्टा गळ्याला कापतो यात बिचाऱ्या पट्ट्याची चूक कमी आणि सीटची जास्त असते.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सीटवर अशा बसा की माकडहाड पार मागच्या कोपऱ्यात गेलं पाहिजे. बहुतेक जण टोकावर बसतात, देवळाच्या पायरीवर बसल्यासारखे. सीटच्या उजव्या अंगाला, दाराच्या बाजूला, उंचीचा दांडा आहे का बघा. असेल तर पाच-सहा वेळा वर ओढा. उंच झालात की दोन गोष्टी होतात: स्टेअरिंगच्या वरून रस्ता दिसतो (मधल्या फटीतून नाही), आणि पट्टा गळ्यावरून खाली खांद्यावर सरकतो. दांडा नसेल तर खाली घट्ट, न सरकणारी गादी घ्या. मऊ उशी नको, मऊ उशीवरून माणूस धडकेत पट्ट्याखालून पुढे घसरतो.

आता क्लच पार तळापर्यंत दाबा. तळापर्यंत दाबूनही गुडघ्याला थोडा बाक राहिला पाहिजे. पाय सरळ काठीसारखा झाला तर सीट लांब आहे. ब्रेकही तसाच जीव खाऊन दाबून बघा. रोजच्या ब्रेकला सीट पुरते, पण कुत्रं आडवं आलं की जो ब्रेक लागतो त्याला पुरत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

मग पाठ. पाठ बरीचशी उभी ठेवा. खांदे सीटला चिकटलेले ठेवून हात लांब करा आणि मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर ठेवा. मनगट टेकलं तर बरोबर. फक्त बोटं पोचली तर पाठ मागे पडलीय. कोपर टेकायला लागलं तर फार पुढे आलात.

स्टेअरिंगच्या मधल्या भागात एअरबॅग असते. तिच्यापासून छातीच्या हाडापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर हवं. मी लोकांना सांगतो, एक वीत आणि वर दोन बोटं. पण तुमची वीत लहान असणार, तेव्हा शिवणाची टेप घ्या. बॅग पापणी लवायच्या आत फुगते, तिला फुगायला जागा लागते. अंगाला चिकटून बसलेल्या माणसाला ती वाचवायच्या ऐवजी ठोसा मारते. अंतर कमी भरलं तर सीट मागे नेऊ नका, पाय सुटतील. पाठ दोन खटके मागे घ्या आणि स्टेअरिंग वर-खाली होत असेल तर खाली घ्या, म्हणजे बॅगचा रोख तोंडाकडे न राहता छातीकडे राहतो.

आता एक गोष्ट जरा लांबण लावून सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. सीट सरकवल्यावर खालचा दांडा सोडला की "खट" असा आवाज आला पाहिजे. आवाज ऐकून थांबायचं नाही, बसल्या जागी मागे-पुढे जोर लावून हलवून बघायचं. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका शिकायला होत्या. त्यांनी सीट पुढे घेतली, दांडा सोडला, पण तो दोन दातांच्या मध्ये राहिला. पुलाच्या चढावर गाडी थांबवली, परत सुटताना क्लच सोडला, गाडीने पुढे हिसका दिला आणि सीट बाईंसकट सरळ मागे गेली. पाय हवेत. दोन्ही पेडल सुटले. हात स्टेअरिंगला लटकलेले, त्यामुळे गाडी उजवीकडे वळायला लागली आणि मागे उसाचा ट्रॅक्टर. माझ्याकडे डबल ब्रेक होता म्हणून आज हे हसत सांगतोय. तुमच्या गाडीत नसणार. म्हणून चालत्या गाडीत सीटला हात लावायचा नाही, सिग्नलला नाही, रिकाम्या रस्त्यावरही नाही. आणि सीटखाली पाण्याची बाटली ठेवायची नाही, ती घरंगळत ब्रेकखाली जाते.

थोरल्याचं सोपं आहे. सीट पार पुढे न्या आणि तिथून मागे येताना खटके मोजा. तुमचा आकडा तुमचा, त्याचा त्याचा.

बिनकामाचा

हेडरेस्ट डिकीत ठेवून चूक केलीत काकू, गाडी पाण्यात पडली तर काच कशाने फोडणार? ते त्यासाठीच तर निघतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा येतं.

पट्टेवाला_चाकण

@बिनकामाचा, तो मेसेज मीही वाचतो. दांड्या असतात त्या उंची वर-खाली करण्यासाठी. निघतं ते कव्हर घालायला, सीट आडवी पाडायला. अडचणीत त्याने काच फुटलीच तर नशीब समजा, पण कंपनी त्यासाठी देत नाही.

माझ्या टोपणनावाला हसू नका, मी खरंच सीटबेल्ट बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काढलीत. तेव्हा कृष्णाकाठ ताई, उतारावरचं मी सांगतो.

पट्टा बिघडलेला नाही, तो नोकरी करतोय. दोन दारांमधल्या खांबाच्या बुडाशी पट्ट्याची गुंडाळी असते. तिच्यात वाटीसारख्या खोबणीत एक पोलादी गोळी बसवलेली असते. गाडी अचानक थांबली, वळली किंवा कलली की गोळी जागची हलते, वरची पट्टी उचलते आणि ती पट्टी दातेरी चाकात अडकते. झालं, गुंडाळी बंद. तुमचा उतार गोळीला कलंडल्यासारखा वाटतो. दुसरी कळ वेगळी आहे, पट्टा हिसका देऊन ओढला तरीही बंद होतो. तुम्ही उतारावर, वैतागून, हिसका देऊन ओढत असणार. पट्टा पूर्ण आत जाऊ द्या आणि मग विहिरीतून भरलेली घागर काढतो तसा संथ ओढा. तरीही नाही आला तर गाडी सपाटीला आणून पट्टा लावा, मग निघा. खरं तपासायचं असेल तर सपाट जागेवर हिसका द्या. तिथे अडकला नाही, तर मात्र बिघडलाय.

काठ उसवलेत का, पट्ट्यावर भाजल्यासारखी चकाकी आहे का, तेही बघा. गाडी सेकंडहँड आहे म्हणून म्हणतो. मोठ्या अपघातात एकदा ताण बसलेला पट्टा बदलायचाच असतो. काही पट्ट्यांच्या गुंडाळीत बारूद असते, धडकेच्या क्षणी ती उडून पट्टा अंगाशी आवळते. ती एकदाच उडते. जुन्या मालकाने धडक खाऊन नुसता पत्रा ठोकून घेतला असेल तर आत काय आहे ते शोरूममध्ये तपासून घ्या.

क्लिप फेकून द्या. फेकूच नका, कुणीतरी उचलेल, कापून टाका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या होत्या, तरी कोपऱ्यावरच्या टपरीवर लटकलेल्या दिसतात. भाजीची पिशवी मागे पायाशी ठेवा. सीटवरची पिशवी ब्रेक लागला की तशीही खाली येतेच, आणि टोमॅटो क्लचखाली जातात.

हा तीन जागी बांधणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. त्याआधीचे बहुतेक पट्टे नुसते पोटावरून जायचे. छातीवरून आणि ओटीपोटाखालून, एका हाताने, एका बक्कलमध्ये, हीच त्याची सगळी अक्कल. तुम्ही तो काखेखालून घेतलात की १९५९ च्या मागे गेलात.

कृष्णाकाठ

पट्टेवाले दादा, विहिरीची घागर एकदम पटली. आत्ता जाऊन बघितलं, संथ ओढला की सुरसुर येतो. सहा महिने मी त्याला शिव्या घालत होते.

काका, दांडा सापडला! उजव्या बाजूला होता, मला वाटायचं ते पाठ मागे करायचं असणार म्हणून हात लावला नव्हता. सात वेळा ओढला. बॉनेट दिसलं. माझ्या गाडीचं बॉनेट मी आज पहिल्यांदा पाहिलं.

पण काखेखालून का नको, ते कुणी सांगेल का? कमरेचा भाग तर लागतोच ना. आणि अंबाड्याचं काय? तीस वर्षांचा अंबाडा आहे, गाडीसाठी कापणार नाही.

मणका_ताई

मी फिजिओथेरपिस्ट, पुण्यात. अंबाडा माझा विषय, काखही माझाच.

काखेखालून गेलेला पट्टा बरगड्यांच्या खालच्या, नाजूक भागावर येतो. तिथे उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. धडकेत सगळं वजन तिथे येतं, आणि वरचं अंग मोकळं असल्याने पट्ट्यावरून वाकून डोकं स्टेअरिंगवर आदळतं. पट्टा हाडावर बसला पाहिजे, मांसावर नाही. वरचा भाग खांदा आणि गळा यांच्या मधल्या आडव्या हाडावरून, छातीच्या मधोमध. खालचा भाग पोटावर नाही, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून. (पोटुशी मुलगी बसली तर पोटाच्या खालून, कधीच वरून नाही.) बक्कल लागलं की वरचा पट्टा एकदा वर ओढून ढील काढायची. पदर पट्ट्याच्या आत चुरगळून राहिला असेल तर तोही सोडवायचा. दोन दारांमधल्या खांबावर पट्ट्याची वरची कडी सरकणारी असेल तर ती सगळ्यात खाली आणा. तुमचा गळा त्याने बराच सुटेल.

आता मान. चार वर्षांपूर्वी सातारा रस्त्यावर सिग्नलला उभी होते, मागून टेम्पोने ठोकलं. फार जोरात नाही, बंपर चेपला एवढंच. माझं हेडरेस्ट पार खाली होतं, कारण आदल्या दिवशी मागच्या सीटवरून लांब फळी नेली होती आणि वर करायचं राहिलं. तीन महिने मान वळवता येत नव्हती. रोज दहा पेशंटच्या माना सैल करणारी मी, केस धुवायला आईला बोलावत होते.

मागून धक्का बसला की सीट तुमची पाठ पुढे ढकलते, पण डोकं जागच्या जागी राहतं. क्षणभर मानेचा आकार इंग्रजी एससारखा होतो, खालचे मणके मागे आणि वरचे पुढे दुमडतात, आणि मग डोकं मागे फेकलं जातं. हे सगळं कळायच्या आत संपतं, मान ताठ करायला वेळच मिळत नाही. हेडरेस्टचं काम डोकं मागे जाण्याआधी अडवणं. 'रेस्ट' या शब्दाने आपली दिशाभूल केलीय, ती काय उशी नव्हे. त्याचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याइतका उंच हवा, अगदी कमी म्हणजे कानाच्या वरच्या टोकाइतका. खाली राहिलं तर मान त्याच्यावरूनच मागे मोडते, ते आणखी वाईट. आणि डोकं व ते यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर, त्याहून जास्त नाही.

म्हणून अंबाडा अडचण आहे, कारण तो डोकं चार बोटं पुढे ढकलतो आणि तुम्ही मान वाकवून चालवता. कापायची गरज नाही. गाडी चालवताना वेणी घाला आणि ती खांद्यावरून पुढे घ्या. नाहीतर अंबाडा माथ्याकडे उंच, हेडरेस्टच्या वर. अजून एक गोष्ट, तुम्ही ते काढलं होतं ना? परत लावताना उलटं लावू नका. वळलेला, फुगीर भाग डोक्याकडे. उलटं बसवलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता पार्किंगमध्ये अनोळखी लोकांच्या काचा ठोठावते. वर घेताना नुसतं ओढायचं. खाली घेताना एका दांडीच्या बुडाशी बारकं बटण असतं ते दाबायचं. शेवटी खाली ढकलून बघायचं, बटणाशिवाय खाली गेलं तर ते अडकलेलं नाही.

एक_फेरी_जास्त

सासूबाईंचं राहिलं.

मागच्या माणसाला कायदा लागू नाही असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. लागू आहे. पट्टा नसेल तर हजार रुपये, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब. पण ८४ वर्षांच्या बाईला दंड सांगून उपयोग नाही. मी घाटात प्रवाशांना सांगायचो तसं सांगा: गाडी ताशी ५० वर असताना ठोकर बसली आणि पट्टा नसेल, तर ते तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं. गणित कुणाला करायचं असेल तर करा, साधारण दहा मीटर येतात. आणि मागचा माणूस पडतो तो पुढच्याच्या पाठीवर.

मोठ्या माणसांची उदाहरणं डोळ्यांपुढे आहेत. गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गाडीच्या अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली, पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते.

नऊवारीची खरी अडचण वेगळी आहे. ओचा आणि कनवटीला खोचलेल्या किल्ल्या, बटवा, पानाची चंची. हे सगळं पट्ट्याखाली आलं तर धडकेत तेच पोटात घुसतं. आधी ते काढून हातात द्यायला सांगा. मग पट्टा ओच्याच्या खालून, मांडीच्या जवळ. मागचं हेडरेस्ट खाली असेल तर पाठीत रुततं, काही गाड्यांत ते मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे माणसाने वर ओढावं. वर ओढा. आणि बांधायला तुम्ही जाऊ नका, "आई, हे बक्कल कसं लागतं बघा बरं, मला जमत नाही" म्हणा. एवढं नाटक करायला हरकत नाही.

कृष्णाकाठ

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा, यांची ड्रेसिंगची तारीख होती.

सीट: पार पुढून मागे ४ खटके. थोरल्याचे ११. सीटच्या पट्टीवर माझ्या जागी लाल नेलपॉलिशची खूण केली, त्याच्या जागी निळी पाहिजे होती, नव्हती, म्हणून पांढऱ्या खडूची रेघ. शिवणाची टेप लावली तर अंतर २२ भरलं. पाठ दोन खटके मागे आणि स्टेअरिंग खाली घेतल्यावर २६ आलं. क्लच तळाला जातो, गुडघ्यात बाक राहतो. सीट गच्च आहे का ते हलवून बघितलं, शेजारणीला वाटलं मला काही झालं.

पट्टा आता काखेखालून नाही. गळ्याला थोडा लागतो अजून, कापत मात्र नाही. वरची कडी सरकत नाही आमच्या गाडीत. चालेल का?

वेणी घातली. यांनी पहिल्यांदा ओळखलंच नाही, मग म्हणाले, "लग्नात अशीच होती." हेडरेस्ट उलटं नव्हतं, पण पार खाली होतं.

सासूबाईंचं नाटक केलं. मी म्हटलं, बक्कल जमत नाही. त्यांनी पहिल्या झटक्यात लावलं आणि म्हणाल्या, "एवढं येत नाही आणि गाडी चालवतेस?"

एक_फेरी_जास्त

लागतो आणि कापतो यात फरक आहे, लागू द्या. बोट घालून बघा, गळा आणि पट्टा यात दोन बोटं सरकली तर सोडून द्या. चिमटे लावून खाली ओढायचं यंत्र बाजारात मिळतं, ते घेऊ नका, त्याने पट्टा सैल राहतो. अजून उंची हवी असेल तर बोटभर जाडीची घट्ट गादी, पण मग टेप परत लावा. गादी आली की २६ चे २६ राहत नाहीत.

आणि आरसे. सीट बदलली की तिन्ही आरसे बदलतात, ते केलेत का?

कृष्णाकाठ

नाही. तरीच म्हटलं आज मागे फक्त आभाळ का दिसतंय.